वानेस मालागोलीची वीस मिनिटं

वानेस मालागोली आमच्या बारमध्ये शिरायचा तेव्हा आधी नाक आत यायचं, मग मान, आणि बऱ्याच वेळाने खांदे, तेसुद्धा कानांना चिकटलेले. पाठीला असा बाक, की वाटावं अंड्यांवर बसलेली कोंबडी कुणी हुसकून चालायला लावली आहे. ही चाल मी काउंटरमागून इतक्यांदा करून दाखवली आहे की बाबा म्हणायचे, एक दिवस तुझीच पाठ तशी राहील. पण मागणी असायची ना. "मिर्का, वानेस कर!" असं वाल्तेर ओरडला की मी ट्रे स्टिअरिंगसारखा धरायची, नाक जवळजवळ त्याला टेकवायची आणि टेबलांमधून, खुर्च्यांना घासत, गाडी काढायची. तोंडाने इंजिनाचा आवाज. वळणावर वाल्तेरच्या टकलावरून हात फिरवायचा. लोक पत्ते टाकून हसायचे.

एकदा मी अशीच वळण घेऊन सरळ झाले तर दारात वानेस उभा. तोही हसला. तो कायम हसायचा, म्हणून तर त्याला छळायला कुणाला कंटाळा यायचा नाही.

बाक यायला कारण होतं. तीन वर्षं तो कारखान्यातल्या खोट्या गाडीत बसत होता. आमच्या गावात कारखाना एकच, पिवळ्या शर्यतीच्या गाड्यांचा. दर घरातला एक माणूस तरी तिथे काहीतरी घासतो, पिळतो किंवा पुसतो. खोटी गाडी म्हणजे सिम्युलेटर. अंधारी खोली, समोर पडदा, मध्ये सांगाडा. गाडी जागच्या जागी थरथरते आणि पडद्यावर रस्ता पळतो. खऱ्या गाडीत कास्परेक बसायचा. ऑस्ट्रियाचा, दोनदा जगज्जेता, दात बघितलेत तर वाटेल कारखान्यानेच बनवून दिले आहेत. वानेस त्याचा राखीव. कास्परेक रविवारी ज्या रस्त्यावर जिंकणार, त्या रस्त्यावर वानेस सोमवारपासून शंभरदा जाऊन यायचा, म्हणजे इंजिनीअरांना कळावं की कुठला स्क्रू किती पिळायचा. कास्परेक जिंकला की टीव्हीवर म्हणायचा, "कारखान्यातल्या मुलांचे आभार." तेवढ्यात सगळे बारमध्ये वानेसकडे वळायचे आणि टाळ्या वाजवायचे. मुद्दाम जरा जास्तच.

"काय रे, आज किती किलोमीटर?" वाल्तेर विचारायचा. वाल्तेर म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेला टर्नर. चाळीस वर्षं गिअर कातले, आता माणसं कातायचा.

"सहाशे चाळीस."

"बाप रे! आणि पोचलास कुठं?"

"इथंच," वानेस म्हणायचा आणि हसायचा.

"पेट्रोल वाचलं बघ देशाचं."

त्याची आई योलेकाकू, समोरच तिचं तोर्तेल्लिनीचं, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याचं, दुकान. नवरा गेल्यापासून ती आणि दोन बायका सकाळी सातपासून पिठाचे इवले चौकोन बोटाभोवती वळत बसतात, मिनिटाला तीस. बोलताना हात थांबत नाहीत, हात थांबले तर समजावं काहीतरी गंभीर आहे. आमच्याकडे पोर जन्मलं की माळ्यावर सिरक्याची लहान पिंपं लावायची पद्धत आहे, दरवर्षी थोडा या पिंपातून त्या पिंपात, जुना होईल तसा तो दाट होतो, आणि मग पोराच्या लग्नात पहिली बाटली भरायची. योलेकाकूने मात्र जाहीर करून टाकलं होतं की लग्न वगैरे ठीक आहे, पण बाटली भरेन ती वानेस खऱ्या गाडीत शर्यतीला बसेल त्या दिवशी.

"योले, तोवर त्या सिरक्याचं डांबर होईल," वाल्तेर तिला म्हणायचा.

"होऊ दे. तुझ्या तोंडाला लावेन."

वानेस तेवीस वर्षांचा होता आणि डिसेंबरमध्ये त्याचा करार संपणार होता. कारखान्याचा सर्वेसर्वा सिगिनोल्फी नव्या राखीव पोराच्या शोधात आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं, वानेसलाही. खऱ्या गाडीत एकदाही न बसता तो घरी जाणार, यावर बारमध्ये पैजासुद्धा लागत नव्हत्या. उलटं बोलायला माणूसच मिळत नव्हता.

आणि मग, घरच्या शर्यतीच्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी कास्परेक सायकलवरून पडला. डोंगरावरून उतरताना समोर कुत्रं आलं. कुत्र्याला काही झालं नाही. कास्परेकचं गळपट्टीचं हाड मोडलं.

अकरा वाजता बारमध्ये बातमी आली तेव्हा वाल्तेरच्या हातात चांगले पत्ते होते, तरी त्याने ते पालथे ठेवले. "म्हणजे..." तो म्हणाला आणि सगळे समोरच्या दुकानाकडे बघायला लागले. काचेतून योलेकाकू दिसत होती. तिचे हात थांबले होते.

---

आता एक गोष्ट सांगावी लागेल. शर्यतीच्या गाडीत दुकानातली सीट बसवत नाहीत. प्रत्येक ड्रायव्हरची त्याच्या अंगावरच ओततात. गाडीच्या पोटात प्लास्टिकची मोठी पिशवी ठेवायची, ड्रायव्हरने त्यात बसायचं, मग पिशवीत दोन रसायनं ओतायची. फेस फुगतो, पाठीमागे, कमरेखाली, बरगड्यांच्या बाजूने शिरतो आणि माणूस जसा बसला असेल तसा घट्ट होतो. वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं हलायचं नाही. बाकी सगळ्या ड्रायव्हरांच्या सीटा जानेवारीतच होतात. वानेसने तीन जानेवाऱ्या विचारलं होतं, आणि तिन्ही वेळा ऑफिसातून एकच उत्तर, "तुला कशाला? तुझ्या गाडीत उशी आहे की."

सीटा ओतायचं काम एर्मेसकाकांचं. तोंडात विझलेली विडी, ती कधी पेटवत नाहीत आणि कधी काढतही नाहीत. बोलायचे त्या विडीच्या एका बाजूने, निम्मे शब्द मिशीतच राहायचे.

सीट ओतायला खरं तर चार माणसं पुरतात. पण घरची शर्यत, गावचा मुलगा, सिगिनोल्फीला यातलं काय विकलं जाईल हे बरोबर कळतं. त्याने संध्याकाळी पाच वाजता कार्यशाळेचं दार उघडं ठेवलं. फोटोवाले आले, टीव्हीवाले आले, कारखान्यातल्या बायका डबे घेऊन निघाल्या होत्या त्या तिथेच थांबल्या. बाबांनी मला तळलेल्या ञोक्कोची, म्हणजे आमच्याकडच्या फुगीर पुऱ्यांची, टोपली आणि कॉफी देऊन पाठवलं, आणि माझ्या मागे वाल्तेर, आपण कॉफी उचलायला मदत करतोय असं दाखवत, रिकाम्या हाताने. योलेकाकू चर्चचा झगा घालून आली होती. हातात अंगठ्याएवढी बाटली, मानेला रिबन. माळ्यावरचं पिंप उघडलं होतं.

"दोत्तोरे," ती सिगिनोल्फीला, साहेब म्हणावं तसं, म्हणाली, "तेवीस वर्षांचा आहे. पोराएवढा."

सिगिनोल्फी बोलताना वाक्याच्या मधेच डोळे मिटतो, जणू पुढचा शब्द आतून कुणी शिपाई घेऊन येणार आहे. "सिन्योरा... हे तर..." डोळे मिटले, उघडले, "...सोनं आहे." बाटली कोटाच्या खिशात गेली. मग तो वानेसकडे वळला, कॅमेऱ्यांना दोघेही नीट दिसतील असा. "पुढच्या वर्षी दुसरी गाडी... रिकामी होतेय. पहिल्या सहात ये. ती... तुझी."

सगळ्यांसमोर म्हणाला. योलेकाकूने छातीवर क्रॉसची खूण केली. वाल्तेर माझ्या कानात म्हणाला, "आणि सातवा आला तर?"

"तर काय?"

"तर डिसेंबर."

वानेस गाडीत उतरला. अंगात पिवळा सूट, कास्परेकचाच, बाह्या आत दुमडलेल्या. बसला तो नेहमीसारखाच, मान पुढे, पाठ गोल.

"छान," एर्मेसकाका विडीच्या कडेने म्हणाले. "अगदी घरी बसतोस तसा. आता श्वास सोड. आणि विसरून जा आम्ही इथं आहोत."

रसायनं ओतली. पिशवी फुगायला लागली, वाफ निघाली. फोटोवाल्यांपैकी एक स्टुलावर चढून म्हणाला, "जरा वर बघा की! चेहराच दिसत नाहीये!" वानेसने मान वर केली, तेवढीच मान, बाकी अंग तसंच, आणि ते इतकं हुबेहूब होतं, मी करते त्याच्याहूनही हुबेहूब, की माझ्या तोंडातून निघून गेलं.

"कॉक कॉक कॉक!"

अख्खी कार्यशाळा हसली. डबेवाल्या बायका हसल्या, टीव्हीवाली हसली, तिला काही माहीत नव्हतं तरी. सिगिनोल्फीसुद्धा डोळे मिटून हसला. वानेसने माझ्याकडे बघितलं. या वेळी तो हसला नाही.

मग तो सरळ झाला. पोट आत, छाती बाहेर, खांदे मागे, हनुवटी वर. कास्परेक पोस्टरवर बसतो तसा. खाली फेस चढत होता, जिथे जागा झाली तिथे शिरत होता.

"ए पोरा," एर्मेसकाका वाकून म्हणाले, "सैल सोड. श्वास सोड."

"मी असाच बसतो." ओठ न हलवता.

"तू असा कधी बसत नाहीस."

"काका, फोटो चाललेत."

"ओतलंय मी ते. आता परत—"

"काका!"

वीस मिनिटं. पाचव्या मिनिटाला कान लाल झाले. दहाव्याला गळ्यावरची शीर दिसायला लागली. श्वास घ्यायचा तो वरचा वर, चमच्याने घेतल्यासारखा. हसू मात्र ढळलं नाही. योलेकाकू माझ्या बाजूला उभी होती आणि डोळे पुसत होती. "बघ ना," ती म्हणाली, "पहिल्या कम्युनियनच्या फोटोत असाच बसला होता. अगदी असाच." वाल्तेर घड्याळ बघत होता. "पंधरा. वा! मी असतो तर एव्हाना पादलो असतो."

वीस झाल्यावर टाळ्या पडल्या. वानेसला वर काढला आणि पहिला श्वास त्याने असा सोडला की समोरच्या टोपलीवरचा कागद उडाला. एर्मेसकाकांनी पिशवी सोलली. सीट हातात उलटीसुलटी करून बघितली. पाठ सरळ, कंबर बारीक, खांदे रुंद.

"सीट फार सुंदर झाली आहे," ते म्हणाले. "कुणाची आहे?"

हे कुणी ऐकलं नाही, कारण टीव्हीवालीने माईक वानेसच्या तोंडाशी धरला होता. "पहिलीच स्वतःची सीट! कशी वाटली?"

"आईच्या मांडीसारखी," वानेस म्हणाला. रात्रीपर्यंत हे वाक्य सगळ्या वाहिन्यांवर चालू होतं.

---

शनिवारी, सुटायच्या जागा ठरवायच्या फेऱ्यांत, तो सातवा आला, रविवारी सातव्या जागेवरून सुटायचं होतं. गावाला तेच पहिलं आल्यासारखं. पण गाडीतून उतरताना त्याने डावा हात पाठीमागे नेला आणि पटकन काढून घेतला. टीव्हीवर दिसलं नाही, एर्मेसकाकांना दिसलं. पुढचं बोलणं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे, चारपाच वेळा तरी, आणि दर वेळी विडी त्याच बाजूला.

"पाठ कशी आहे?"

"मस्त."

"खोटं नको सांगू. कमरेमागे माझी मूठ जाईल एवढी पोकळी आहे आणि खालची कड हाडात घुसतेय. डावा पाय?"

"पायाला काय झालंय?"

"मुंग्या?"

वानेस हातमोजे काढायला लागला.

"हे बघ, नियमात बसतं. संध्याकाळी परत ओतू. वीस मिनिटं. तू आणि मी, दार बंद. कोंबडीसारखा बस, बैलासारखा बस, कोण बघणार आहे?"

"आणि उद्या विचारलं की कालची सीट कुठाय? अख्ख्या देशाला सांगून झालंय ना काका, आईच्या मांडीसारखी म्हणून. दोत्तोरे म्हणतील, याला धड बसताही येत नाही."

"दोत्तोरेला मी सांगतो. माझं मिश्रण चुकलं म्हणतो."

"नको. पहिल्या सहात यायचंय. दोन तासांचा तर प्रश्न आहे. सोसेन."

आमच्याकडे ड्रायव्हर सगळं सांगतो. टायर सरकतोय, ब्रेक ओढतोय, समोरचा हरामखोर आहे, सगळं. बायकोला सांगणार नाही ते इंजिनीअरला रेडिओवर सांगतो. कास्परेकने एकदा भर शर्यतीत मोज्याच्या शिवणीची तक्रार केली होती आणि पुढच्या शर्यतीला त्याला शिवण नसलेले मोजे मिळाले. म्हणून तर तो कास्परेक. पण तीन वर्षं ज्याला उशी पुरते असं ऐकवलं, त्याला मागायचं कसं हेच येत नव्हतं.

---

रविवारी बार असा भरला होता की मी ट्रे डोक्यावर धरून फिरत होते. योलेकाकूला मैदानाचा पास मिळाला होता, ती गेली नाही. टीव्हीसमोरही बसली नाही. "मला बघवणार नाही," म्हणाली, दुकान अर्धं उघडं ठेवून एकटीच तोर्तेल्लिनी वळत बसली. "चांगलं काही झालं तर ओरडा, ऐकू येईल मला."

चांगलं झालं. सुटताना सातवा, पहिल्या वळणाला सहावा. आम्ही ओरडलो. विसाव्या फेरीत त्याने एकाला बाहेरच्या बाजूने, नदीकाठच्या वळणावर, असा काढला की वाल्तेर टेबलावर चढला. सत्तराव्या वर्षी. पाचवा! समोर काचेमागे योलेकाकूने हात वर केलेले दिसले, पिठाचे.

मधूनमधून टीव्हीवर त्याचा रेडिओ ऐकू यायचा.

"वानेस, सगळं ठीक?"

"सगळं ठीक!" हे दहाव्या फेरीला.

"वानेस, सगळं ठीक?"

"सगळं... ठीक." हे पंचविसाव्या.

"वानेस?"

"ठ्ठीक."

शेवटचं तर मी लगेच उचललं. दात आवळून, नाकातून. "ठ्ठीक." दोन टेबलांनी हसून परत मागितलं, मी परत केलं. आता वाटतं, तेव्हाच कुणाला तरी कळायला हवं होतं. पण पाचवा होता तो! पाचव्या माणसाला कोण विचारतं दुखतंय का?

अडतिसाव्या फेरीला टायर बदलायला बोलावलं. या गाड्यांत ब्रेक डाव्या पायाने मारतात. आपल्या खात्याच्या, म्हणजे टायर बदलायच्या जागेवरच्या, पोरांपुढे ऐंशीच्या वेगाने यायचं आणि बरोबर रेघेवर, बोटभरही पुढे नाही, थांबायचं. समोर जॅक घेतलेला माणूस छातीवर गाडी झेलायला उभा असतो, हलत नाही, इतका त्याचा भरवसा.

वानेस आला. जॅकवाला उभा होता. गाडी थांबेना. शेवटच्या क्षणी त्याने बाजूला उडी मारली, जॅक उडाला, गाडी हवेच्या नळीवरून गेली, आणि सावकाश, फार सावकाश, अगदी पाहुणी आल्यासारखी, शेजारच्या संघाच्या खात्यात जाऊन उभी राहिली. शेजारची पोरं चांदीरंगाच्या कपड्यांत आपल्या गाडीची वाट बघत होती. एक क्षण कुणी हललं नाही. मग त्यांच्यातल्या एकाने कमरेत वाकून, दोन्ही हात पसरून, "या, बसा" केलं.

बार फुटला. मी खोटं का सांगू, सगळ्यात मोठ्याने मी हसले. बाबा काउंटरला धरून हसत होते, वाल्तेर टेबलावरून उतरत होता तो हसून खालीच बसला. टीव्हीवर पिवळ्या कपड्यांतली आठ माणसं गाडीला मागे ओढत होती, बैल अडला की गाडी ओढतात तशी, आणि एकेक गाडी बाजूने निघून जात होती. सहावी, सातवी, दहावी.

दार उघडलं. योलेकाकू. हात पिठाचे, चेहरा असा फुललेला. समोरून तिला एवढाच आवाज ऐकू आला होता, अख्खा बार एकदम ओरडतो तो.

"काय झालं? पोरगं पुढं गेलं का?"

वाल्तेर जमिनीवर बसल्या बसल्या डोळे पुसत होता.

"हो योले," तो म्हणाला. "जरा जास्तच पुढं गेलं."

आणि आम्ही परत हसलो. थांबवता येईना. ती आमच्याकडे बघून हसायला लागली, मग टीव्हीकडे बघितलं. मग हात पुसले, झग्याला, चर्चच्या झग्याला.

तो तेरावा आला. शर्यत संपल्यावर गाडीतून उतरेचना. दोघांनी काखेत हात घालून वर काढला आणि खाली ठेवला, तर डावा पाय कापडाचा असल्यासारखा दुमडला. समालोचक म्हणाला, भावनावेग असणार.

सिगिनोल्फी टीव्हीवर आला. "वानेस हा..." डोळे मिटले, "...आमच्या कुटुंबातला आहे." हे ऐकल्यावर बारमध्ये ज्यांना कळायचं त्यांना कळलं, दुसरी गाडी गेली.

सोमवारी इंजिनीअरांनी त्याला समोर बसवून विचारलं, ब्रेकमध्ये काही होतं? नव्हतं. सीट? एर्मेसकाका दाराशी उभे होते, विडी पहिल्यांदाच हातात. मान हलवून सांगत होते, सांग, माझ्यावर ढकल, मी वसंतात निवृत्तच होतोय. कागदावर सीट नीट नव्हती एवढं आलं असतं तर सिगिनोल्फीला पुन्हा विचार करावा लागला असता. इंजिनीअर त्याच्या बाजूने होते, तीन वर्षं त्यांचे स्क्रू त्यानेच तपासले होते.

"सीट उत्तम होती," वानेस म्हणाला.

पत्र नोव्हेंबरमध्ये आलं, डिसेंबरपर्यंत थांबले नाहीत. योलेकाकूला मात्र सिगिनोल्फीच्या घरून फोन आला, कुणी बाई बोलत होती. सिरका फार आवडला पाहुण्यांना, आणखी एक बाटली मिळेल का, पैसे देऊ. योलेकाकूने दिली. पैसे घेतले नाहीत. का, ते मला कळलं नाही, आणि ती तोर्तेल्लिनी मोजता मोजता बोलत होती म्हणून मी परत विचारलं नाही.

जानेवारीत नवा राखीव आला, एकोणीस वर्षांचा, गालावर पुटकुळ्या. त्याची सीट पहिल्याच आठवड्यात ओतली.

---

वानेसची सीट भंगारात निघाली तेव्हा वाल्तेरने ती दोन बाटल्या लाम्ब्रुस्को वाइनवर सोडवून आणली आणि बारच्या कोपऱ्यात, पत्त्यांच्या टेबलाशी, चौकटीवर बसवली. हरेल त्याने पुढचा डाव तिच्यात बसून खेळायचा, असं ठरलं. पण खेळता कुणालाच येईना. सगळ्यांनी बसून बघितलं, बाबांनी, पाद्रीबाबांनी, टपालवाल्याने. कुणाच्या कमरेमागे पोकळी, कुणाच्या बरगडीत कड. वाल्तेर बसला आणि ओरडत उठला. "हे माणसासाठी केलेलंच नाहीये!"

वानेस आता आईची गाडी चालवतो, पांढरी, मागे शीतपेटी. तोर्तेल्लिनीचे खोके गावोगावच्या हॉटेलांना पोचवतो. खऱ्या रस्त्यावर, खरे किलोमीटर. वाल्तेर रस्त्यात गाठून विचारतो, "किती झाले आज?" तो आकडा सांगतो. फेब्रुवारीत एका दुपारी तो आमचे खोके घेऊन आला. सीट बसवल्यापासून पहिल्यांदाच. मान आधी, खांदे मागून. खोके काउंटरवर ठेवले आणि कोपऱ्यात बघितलं.

टेबलावरचे पत्ते पालथे झाले.

"बस की," वाल्तेर म्हणाला. "तुझीच आहे."

"घाई आहे."

"अरे, दोन मिनिटं. कुणाला बसेना झालीये. आम्हाला बघायचंय फक्त."

"बस रे वानेस," बाकीचेही लागले. "बस, बस." एर्मेसकाका खिडकीशी कॉफी घेत होते.

तो हसला आणि बसला. नेहमीसारखा, पाठ गोल. सीट त्याच्या मागे हातभर लांब उभी, जणू दुसऱ्याच कुणाची वाट बघतेय. हशा झाला. वाल्तेर म्हणाला, "बघा! त्यालाही होत नाही!" वानेस उठायला लागला.

मी काउंटरमागच्या स्टुलावर चढले आणि त्या फोटोवाल्याच्या आवाजात म्हणाले, "जरा वर बघा की! चेहराच दिसत नाहीये!"

तो थांबला. मग पोट आत घेतलं, छाती बाहेर, खांदे मागे, हनुवटी वर, आणि सीटने त्याला असा धरला की मधे कागद गेला नसता. कड कुठे संपते आणि वानेस कुठे सुरू होतो ते कळेना. हसूसुद्धा तेच. त्या क्षणी तो खरोखर कास्परेकसारखा दिसत होता, त्याच्याहूनही बरा.

टाळ्या पडल्या. शिट्ट्या झाल्या. आता तो उठेल म्हणून लोक थांबले, पण तो उठेना. बाबांनी त्याच्यासमोर कॉफी ठेवली, त्याने हात लावला नाही, प्यायचं तर श्वास सोडावा लागला असता. कान लाल व्हायला लागले.

"श्वास सोड, पोरा," खिडकीशी एर्मेसकाका म्हणाले.

वाल्तेरने खिशातून ते जुनं घड्याळ काढलं, कारखान्याने निवृत्तीला दिलेलं, फेऱ्या मोजायचं, आणि बटण दाबलं. खुर्च्या सरकल्या. लोक गोल करून जवळ आले, मीही स्टुलावरून उतरून पुढे आले, नीट दिसावं म्हणून.

"तीन मिनिटं," वाल्तेर म्हणाला. "वीसला किती राहिली?"

"सतरा," आम्ही सगळे म्हणालो.